अनुबोधपट आणि लोकमत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभी हयात खडू-फळ्यापाशी गेलेली. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, स्वतःच्याच एका चुकीच्या कबुलीने आम्ही विषयास आरंभ करतो.

लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी संख्या वाढली की झुंडीने समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असे आम्ही वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. आधार काय, तर ‘प्रत्यक्ष पडद्यावर दाखविले आहे’ एवढाच! १९५८ सालच्या, वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या अनुबोधपटात ते दृश्य होते. त्या पटास ऑस्कर पारितोषिकही लाभले. पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला, तेव्हा उघड झाले की चित्रीकरण आल्बर्टा प्रांतातले. तेथे समुद्रच नाही. प्राणी परप्रांतातून विकत आणून कड्यावरून लोटले होते. वस्तुतः ते स्थलांतर करतात आणि पाणी ओलांडताना काही बुडतात, इतकेच.

राजकारणातही हेच. १९३५ साली लेनी रीफेनश्टाल या बाईंनी हिटलरसाठी ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा पट काढला. न्यूरेंबर्गच्या मेळाव्यातील ती अफाट गर्दी खरीच होती. परंतु १९३३ सालापासून डाखाऊच्या छळछावणीत डांबलेले विरोधक पडद्यावर कोठेही नव्हते. अर्धे सत्य वगळले, तरी लोकमत फिरविण्यास तेवढे पुरते.

यावरून अनुबोधपट त्याज्य आहेत, असा अर्थ कोणी घेऊ नये. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वी दाखवीत. निरक्षर माणसासही धरणे व पोलादाचे कारखाने तेथे पाहावयास मिळाले. तथापि, ते सरकारी खात्याचे पट होते, हेही ध्यानी ठेवावे.

आज तर मुलांच्या हातातच पडदा आला आहे. म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. विद्यार्थी शिबिरात पट जरूर दाखवावेत. मात्र पट संपताच दिवे लावून अर्धा तास मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. हा कोणी काढला? पैसा कोणाचा? काय दाखविले नाही? अन्यत्र पडताळा मिळतो काय?

आमचे काही जुने विद्यार्थी या सभेत आहेत. लेमिंगची ती गोष्ट त्यांनी आपल्या मुलांना सांगितली असेल, तर ‘गुरुजी चुकले होते’ असे सांगून ती दुरुस्त करावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.