ट्रिप होणारी मोटर

आदरणीय गुरुजन आणि १९९५च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं होतं. मी मात्र एका लेथच्या मोटरबद्दल बोलणार आहे. त्या गोष्टीत माझी एक चूक आहे आणि आपल्या विज्ञानाच्या बाईंचा एक धडा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांचं छोटं वर्कशॉप होतं, हे काहींना आठवत असेल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आले, तेव्हा लेथची ३ एचपीची थ्री फेज मोटर दिवसातून दोन-तीनदा ट्रिप होत होती. लेथवरचे मामा रीसेट दाबून पुन्हा चालू करायचे. डिलिव्हरी तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, "एवढं शिकतेस, बघ जरा."

मी मल्टिमीटर घेऊन मेन स्विचवर तिन्ही फेज तपासले. प्रत्येक जोडीत ४१५ व्होल्टच्या आसपास. म्हणजे सप्लाय ठीक, रिलेच बिघडलाय, असं मी ठरवलं आणि त्याची डायल ५ अँपिअरवरून साडेसातवर नेली. ट्रिप होणं थांबलं. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी मोटरमधून धूर आला.

"मोठा कट घेतलात ना?" बाबा मामांना रागावले. मी गप्प राहिले.

रिवाइंडिंगवाल्या काकांनी मोटर उघडून दाखवली. दोन फेजची कॉइल्स काळी पडलेली, तिसऱ्या फेजची जशीच्या तशी. ते म्हणाले, "पोरी, नुसता ओव्हरलोड असता तर तिन्ही सारखी जळाली असती. हिला एक फेज मिळतच नव्हता."

परत येऊन मेन बंद केला आणि स्टार्टर उघडला. कॉन्टॅक्टरचा एक कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडलेला. मी व्होल्टेज मोजलं होतं ते त्याच्या आधी. मोटरच्या बाजूला मोजलंच नव्हतं. एक फेज अधूनमधून सुटायचा. फिरती मोटर तेवढ्यानं थांबत नाही, पण तेच काम ओढायला उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट करंट घेते. रिले ते ओळखून मोटर वाचवत होता. मी त्याचंच तोंड बंद केलं.

त्या संध्याकाळी बाबांना डायलचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि थेट मामांच्या घरी नेलं. तिथे मलाच सांगावं लागलं. मामा म्हणाले, "असू दे, चहा घे." त्या चहाची आठवण अजून बोचते.

आठवीत बाईंनी प्रयोगशाळेत फ्यूज उडवून दाखवला होता. कुणीतरी म्हणालं, "जाड तार लावू या." बाई म्हणाल्या होत्या, "तार बदलण्याआधी, ती का वितळली ते सांग." उत्तर मला परीक्षेत लिहिता आलं होतं, वर्कशॉपमध्ये आठवलं नाही.

आज ऑफिसमध्ये एखादा अलार्म सारखा वाजला की कुणीतरी म्हणतंच, मर्यादा वाढवू या. तेव्हा मी दोनच प्रश्न विचारते. तो का वाजतोय? आणि आपण मोजलं ते नेमकं कुठे?

बाई, तुमचा धडा उशिरा शिकले, पण पक्का शिकले.