शिक्षकाच्या हाती संगणक : ज्ञानदानाचे नवे साधन





पाथर्डी ही ज्ञानोपासनेची भूमी आहे. याच तालुक्यातील चिचोंडी (शिराळ) येथे १९०० साली जन्मलेल्या आचार्यसम्राट प. पू. श्री आनंदऋषीजी महाराज साहेबांच्या प्रेरणेने १९२३ मध्ये श्री तिलोक जैन ज्ञान प्रसारक मंडळ स्थापन झाले. पुढे १९३६ मध्ये धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले आणि दूरदूरच्या केंद्रांवर धर्मशिक्षणाच्या परीक्षा होऊ लागल्या. शिकणारा जेथे आहे तेथे ज्ञान पोहोचावे, हीच त्यामागील दृष्टी होती. लॅपटॉप आणि टॅबलेट ही त्याच कार्याची नवी साधने होत. मात्र ती कोणाच्या हाती द्यावीत आणि त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे, याचा विचार दात्यांनी अगोदर केला पाहिजे.

मोठ्या हायस्कूलमधील विषयशिक्षकाचा दिवस पाहावा. त्याच्याकडे ६० मुलांच्या पाच तुकड्या असतील, तर एका घटक चाचणीच्या ३०० उत्तरपत्रिका होतात. प्रत्येकीला पाच मिनिटे धरली, तरी केवळ तपासणीला २५ तास लागतात. त्यानंतर बेरजा, गुणतक्ते, निकालपत्रके आणि प्रगतिपुस्तके. शिवाय हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीच्या परीक्षेची आवेदनपत्रे आणि २०१५ पासून 'सरल' प्रणालीत भरावयाची विद्यार्थ्यांची माहिती. एवढे झाल्यावर, कोणता मुलगा कोठे अडला हे पाहण्यास वेळ उरतोच किती?

आपला समाज व्यापारी आहे. म्हणून हे हिशेबाच्या भाषेत सांगता येईल. गुणतक्ता ही शाळेची रोजकीर्द. आज काय घडले, एवढेच ती सांगते. परंतु रोजकिर्दीवरून खतावणी केल्याशिवाय कोणाकडे किती बाकी आहे, हे पेढीला कळत नाही. शिक्षकाने प्रश्नवार गुण लॅपटॉपवर नोंदविले, की ही खतावणी क्षणात तयार होते. नववीच्या वर्गात निम्मी मुले अपूर्णांकाच्या एकाच पायरीवर चुकत आहेत, हे दिसले, की तो धडा पुन्हा शिकवावयाचा, हे ठरते. टॅबलेटवर दहा वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी घेतली, तर तपासणी तेथेच होते आणि तास संपण्यापूर्वी चूक सुधारता येते. विज्ञानाच्या शिक्षकास हृदयाचे कार्य चलत्चित्राने दाखविता येते आणि एकाने तयार केलेला पाठ दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकासही वापरता येतो.

पाथर्डी तालुक्यात या खतावणीस आणखी एक गंभीर अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या मुलखात जातात. कित्येक घरांतील मुलेही त्यांच्याबरोबर जातात आणि दहावीची परीक्षा येते तेव्हा गळीत हंगाम अनेकदा चालूच असतो. सलग काही दिवस कोण गैरहजर आहे, गतवर्षी याच महिन्यात कोण गेले होते, हे नोंदीत वेळीच दिसले, तर पालक गाव सोडण्यापूर्वी शिक्षक त्यांच्या दारी जाऊ शकतो. मुलाची राहण्याची सोय करता येते किंवा निदान अभ्यास त्याच्यापर्यंत पोहोचविता येतो. खतावणी बाकी दाखविते. वसुलीला मात्र माणसालाच जावे लागते. यंत्राने वाचविलेला वेळ या दारी जाण्यासाठी खर्च झाला, तरच त्याचे सार्थक.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या हातातील साधन साधेच होते. ते कशासाठी वापरावयाचे, हे शिक्षकाने ठरविले होते. याउलट, पेरू देशात दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. परंतु अध्यापनाशी त्यांची सांगड न घातल्यामुळे मुलांच्या शिक्षणात सुधारणा झाली नाही, असे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे.

असे आपल्याकडेही घडू शकते. देणगीचा समारंभ होतो, छायाचित्रे निघतात, वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते आणि बिघडले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने ती कपाटात कुलूपबंद होते. अशा कपाटातील साधन हा परिग्रहच होय. ते वापरात आले, तरच दान.

म्हणून दात्यांनी तीन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, खरेदीपूर्वी शिक्षकांना त्यांची गरज विचारावी. दुसरी, दुरुस्ती, बॅटरी आणि इंटरनेट यांसाठी दरवर्षीची तरतूद देणगीतच ठेवावी. तिसरी, प्रशिक्षण एका दिवसाच्या शिबिरावर न थांबता वर्षभर चालावे आणि तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांना सन्मानाने साहाय्य करावे. मुलांची माहिती ही ठेव आहे. ती सांभाळताना यतना हवीच.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या बरोबरीने ज्ञानदानास स्थान आहे. पूर्वी श्रावक पोथ्या लिहवून घेत आणि ज्ञानभांडारास अर्पण करीत. आज एखाद्या दात्याने शिक्षकास लॅपटॉप द्यावा, तो चालू राहील अशी व्यवस्था करावी आणि वर्षाअखेरीस त्याची मोजदाद न करता एकच प्रश्न विचारावा: यंदा ऊसतोडीला जाणारी किती मुले शाळेत राहिली?

जय आनंद! जय महावीर!