इंग्रजीतील संबंधी सर्वनामांची निवड



1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकर संस्थानाची राजधानी झाली आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे रुजली. आज त्या शहरातील सुदामा नगरसारख्या वसाहतीत मराठी घरातील मूल तीन भाषांच्या संगमावर वाढते. घरी ते ‘जो मुलगा, जी मुलगी, जे मूल’ असे बोलते. बाहेर हिंदीत मुलगा असो वा मुलगी, एकच ‘जो’ पुरतो. शाळेतील इंग्रजी मात्र लिंग न पाहता व्यक्ती की वस्तू एवढेच पाहते. व्यक्तीस ‘हू’ आणि वस्तूस किंवा पशूस ‘विच’ योजावे, हा पहिला नियम होय.

‘हू’ व ‘हूम’ यांत खरी अडचण उद्भवते. ‘ज्याला ताप आला आहे तो मुलगा घरी गेला’ या वाक्यातील ‘ज्याला’ पाहून विद्यार्थी ‘हूम’ लिहितो. परंतु इंग्रजीत येथे ‘हॅज’ हे क्रियापद असून त्याचा कर्ता मुलगाच आहे. म्हणून ‘द बॉय हू हॅज अ फीव्हर वेन्ट होम’ हेच शुद्ध. याउलट ‘ज्याला गुरुजींनी बोलावले’ येथे मुलगा बोलावण्याचे कर्म असल्याने ‘हूम’ योग्य ठरते. तात्पर्य, निवड मराठी विभक्तीवरून नव्हे, तर इंग्रजी क्रियापदावरून करावी. तसेच मराठीतील ‘जो’च्या जोडीचा ‘तो’ इंग्रजीत पुन्हा आणू नये.

स्वल्पविरामाकडेही दुर्लक्ष नसावे. ‘द टीचर्स हू आर ट्रेन्ड विल गेट द अलाउन्स’ याचा अर्थ, शिक्षकांपैकी जे प्रशिक्षित आहेत त्यांनाच भत्ता मिळेल. ‘हू’च्या पूर्वी आणि ‘ट्रेन्ड’च्या नंतर स्वल्पविराम दिल्यास सर्वच शिक्षक प्रशिक्षित असून सर्वांनाच भत्ता मिळेल, असा अर्थ होतो. आदेश लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून निसटलेल्या एवढ्याशा चिन्हाने कोणाच्या तरी हक्काचा प्रश्न उभा राहतो. अशा जागी ‘हू’ऐवजी ‘दॅट’ही चालते, परंतु स्वल्पविरामानंतर मात्र ‘दॅट’ योजू नये.

यास्तव शिक्षकांनी ही दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून ‘भत्ता कोणाकोणाला?’ एवढाच प्रश्न वर्गास विचारावा. नियम पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्यास त्याचे प्रयोजन उमगेल, आणि उमगलेला नियम सहसा विसरला जात नाही.