न सांगितलेले ऑपरेशन

(मंडळाच्या महिला विभागात श्रावणी मंगळवारच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याविषयी चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा विषयाची त्यांनी मोकळीक दिली होती. मी मंगळागौरीच्या सोळा पत्रींविषयी काही सांगेन, अशी त्यांची समजूत झाली असावी. शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकविलेल्या बाईकडून तेवढीच अपेक्षा राहते. परंतु मी ज्याविषयी बोलणार आहे तो विषय आपल्या हळदीकुंकवात कधी निघत नाही. या दिवशी तो अशुभ वाटेल अशाही काही जणी येथे असतील. त्यांची मी आधीच क्षमा मागते.

विषय आहे अस्थानी गर्भाचा. अस्थानी म्हणजे भलत्या जागी राहिलेला.

आपण जेथे बसलो आहोत तेथून मंगला गौरीचे देऊळ चार गल्ल्यांवर आहे. काशीतल्या नऊ गौरींपैकी ही एक. शेजारीच गभस्तीश्वर आहे. सूर्याने येथे तप केले अशी काशीखंडातली कथा आपल्यापैकी अनेकींनी सासरी आल्यावर ऐकली असेल. येथल्या हिंदुस्थानी शेजारणींचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर सुरू होतो, त्यामुळे देवळातली मंगळवारची गर्दी ओसरू लागते तेव्हा आपल्या मराठी घरांत मंगळागौरीची तयारी चाललेली असते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधव, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, या टापूत आपली माणसे पिढ्यानुपिढ्या राहिली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभे राहावे. या गल्ल्यांचा माझ्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून हे सांगितले.

१९८४ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. लग्न होऊन मी सांगलीहून येथे आले त्याला दोन वर्षे झाली होती. पाळी चुकून तीनेक आठवडे लोटले होते आणि घरात कोणी उघड बोलत नसले तरी सासूबाईंनी माझ्याकडून पाण्याची कळशी काढून घेतली होती. मग एके दिवशी थोडे अंगावर दिसले. रंग काळपट. ओटीपोटात उजव्या बाजूस दुखू लागले. गल्लीतल्या एका डॉक्टरांनी वायूची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे उजवा खांदा असा दुखू लागला की हात वर होईना. काशीची थंडी तुम्हांला ठाऊक आहेच. थंडी भरली असे म्हणून सासूबाईंनी मोहरीचे तेल गरम केले आणि तासभर माझा खांदा चोळीत बसल्या. त्यांच्या मायेत काही उणे नव्हते. पण दुखणे खांद्यात नव्हतेच. पोटात रक्त साचू लागले की ते वरच्या पडद्याला, श्वासपटलाला, जाऊन लागते. त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या नसांतून जातात, म्हणून मेंदूला वाटते की खांदा दुखतो आहे. हे मी पुढे पुस्तकात वाचले. त्या पहाटे मला एवढेच कळले की मी मोरीकडे जायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

घरापासून मोटार येईल अशा रस्त्यापर्यंत मला कसे नेले ते ऐका. ओसरीवर मामंजींची वेताची खुर्ची असे. तीत मला बसवून धोतराने बांधले. दोन्ही बाजूंनी माझे यजमान आणि धाकटे दीर, पुढे शेजारचा दूधवाला, मागे त्याचा भाऊ. 'बहूजी, आँख खुली रखिए,' असे तो सारखे म्हणत होता. मैदागिनला रिक्षा मिळाली. रुग्णालयात एका वयस्क डॉक्टरणीने माझ्या पापण्या उलटून पाहिल्या, योनिमार्गाच्या मागल्या बाजूने एक लांब सुई घालून रक्त ओढले आणि ते परीक्षानळीत धरून उभी राहिली. ते गोठेना. न गोठणारे रक्त म्हणजे ते पोटात मोकळे पडलेले रक्त, ही त्या काळची परीक्षा. सोनोग्राफी तेव्हा अशी हाताशी नव्हती. अर्ध्या तासात पोट उघडले, फुटलेली उजवी नळी काढली, तीन बाटल्या रक्त दिले. त्यांतली एक बाटली दूधवाल्याच्या भावाची होती.

आता हा प्रकार काय असतो ते थोडक्यात सांगते. स्त्रीबीज आणि शुक्रबीज यांचा संयोग बीजवाहक नळीत होतो आणि तेथून तो गर्भ चार-पाच दिवसांत गर्भाशयात उतरतो. कधी तो वाटेतच अडकतो व तेथेच रुजतो. शंभर गर्भधारणांत एक-दोन अशा असतात आणि त्यांतल्या नव्वदाहून अधिक नळीतच असतात. नळी बोटभर लांबीची, तिला ताणण्याची मर्यादा आहे. पूर्वी नळीला सूज येऊन गेली असेल, आपल्या देशात विशेषेकरून क्षयाची बाधा तेथे झाली असेल, पूर्वी नळीवर शस्त्रक्रिया झाली असेल, नसबंदी होऊनही दिवस राहिले असतील, तर धोका अधिक. धूम्रपानानेही तो वाढतो. परंतु जवळजवळ निम्म्या स्त्रियांत यांतले काहीच सापडत नाही. म्हणजे तिने काय खाल्ले, कोठे वाकली, कोणत्या ग्रहणात काय चिरले, यांचा शोध घेणे व्यर्थ आहे. माझ्याही बाबतीत काही सापडले नाही. तरी मी वर्षभर शोधीत होते.

हा गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही का, असे प्रत्येक घर विचारते. येत नाही. अशी शस्त्रक्रिया आजही उपलब्ध नाही. तो वाढू दिला तर मूल हाती लागत नाही आणि आई जाते.

दीडशे वर्षांपूर्वी ती बहुतेक जातच असे. बर्मिंगहॅमचे शल्यवैद्य लॉसन टेट यांना १८८१ साली एका सहकाऱ्याने सुचविले होते की अशा बाईचे पोट उघडून पाहावे. त्यांचे धैर्य झाले नाही, आणि ती बाई दगावली. ती रुखरुख मनात ठेवून १८८३ साली त्यांनी ती शस्त्रक्रिया केली आणि एका स्त्रीचे प्राण वाचविले. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेही हेच साल. माझ्या पोटावरच्या व्रणाचा इतिहास असा फार जुना नाही.

मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी सर्वांना सांगून ठेवले होते की सुनेचे अपेंडिक्स काढले. सांगलीला पत्रही तसेच गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. 'नळी काढली' हे शब्द गल्लीत गेले असते तर सुनेला वांझ म्हणायला चार जणी टपलेल्या होत्या. मीही ते स्वीकारले. परंतु अपेंडिक्ससाठी कोणी रडत नाही. तेव्हा मला रडायची सोय राहिली नाही. भेटायला येणाऱ्या बायका 'टाके वाळले का' एवढेच विचारीत आणि मी 'हो' म्हणे.

मामंजी याज्ञिकी करीत. त्यांनी एकदाच, माझ्याकडे न पाहता, पोथीवरची धूळ झटकीत सांगितले की गर्भस्राव झाल्यास जितके महिने गेले असतील तितक्या रात्रींचे अशौच स्त्रीला असते असे स्मृतीत आहे. माझे दुखणे त्या व्याख्येत नेमके बसते की नाही हे त्यांना आणि मलाही ठाऊक नव्हते. दोन महिने, दोन रात्री. पण मला त्या वेळी केवढा आधार वाटला म्हणून सांगू! कोणीतरी, कोठेतरी, हजारो वर्षांपूर्वी, त्याची मोजदाद करून ठेवली होती. त्या दोन रात्री मी माडीवर एकटी काढल्या. यजमान जिन्यात येऊन बसत; बोलत काही नसत. पुरुषालाही हे दुःख होते, हे मला तेव्हा उमगले नाही. ते पुष्कळ उशिरा, ते गेल्यानंतर त्यांच्या डायरीत त्या तारखेपुढे एक रिकामी चौकट दिसली तेव्हा उमगले.

१९८८ साली मला मुलगी झाली, एकाच नळीवर. बारशाला सगळे 'पहिलटकरीण' म्हणत होते. असो.

हे सगळे मी आजवर कोणास सांगितले नव्हते. वर्गात फळ्यावर गर्भाशयाचे आणि दोन नळ्यांचे चित्र मी तीस वर्षे काढले. मुलींना नावे पाठ करविली. गर्भ वाटेत अडकू शकतो हे एकदाही सांगितले नाही. याचे मला वाईट वाटते.

गेल्या वर्षी आमच्याच वाड्यात पुतण्याच्या पत्नीला तेच झाले. या वेळी नळी फुटण्याआधी लक्षात आले. पाळी चुकल्यावर सहाव्या आठवड्यात एका बाजूला दुखू लागले. तिने लपविले नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले. रक्तातल्या एचसीजी या द्रव्याची तपासणी अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने दोनदा केली. नीट रुजलेल्या गर्भात ते झपाट्याने वाढते, हिचे रेंगाळत होते. गाठ लहान, रक्तस्राव नाही, म्हणून शस्त्रक्रियेऐवजी मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन द्यायचे ठरले. हे औषध मुळात कर्करोगाचे. ज्या प्रयोगशाळेतून या जातीची औषधे निघाली तिचे प्रमुख आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अस्थानी गर्भावर त्याचा वापर प्रथम जपानात झाल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झाले. माझ्या ऑपरेशनच्या दोन वर्षे आधी! पण काशीच्या गल्लीपर्यंत ते यायला वेळ लागायचाच.

इंजेक्शन घेतले की सुटले, असे मला वाटले होते. तसे नाही. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा रक्त. मग आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला. फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद, डॉक्टरांना विचारल्याखेरीज वेदनाशामक बंद, उन्हात फिरणे बंद, आणि पुढे निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पोरीच्या मनावर काय होत असेल याचा विचार करा. जे हवे होते ते आपल्याच दंडात सुई टोचून थांबवायचे आणि मग आठवड्या-आठवड्याला त्याचे विरघळणे कागदावर वाचायचे. माझे एका पहाटेत आटोपले. तिचे पाच आठवडे चालले. कोणाचे सोपे, हे मला सांगता येणार नाही.

सहाव्या रात्री दोन वाजता तिच्या पोटात कळ आली. इंजेक्शननंतर अशी कळ पुष्कळदा येते आणि बहुधा निरुपद्रवी असते. पण नळी फुटल्याचीही कळ तीच. घरी बसून ते ओळखता येत नाही. माझ्या जाऊबाई तेल गरम करायला उठल्या. मी त्यांचा हात धरला आणि त्या रात्री, स्वयंपाकघरात, चाळीस वर्षांनी, माझे अपेंडिक्स अपेंडिक्स नव्हते हे त्यांना सांगितले. पुतण्याने मोटारसायकल काढली. ती मागे बसू शकली, म्हणून निभावले. नळी फुटली नव्हती. सकाळी परत आली तेव्हा जाऊबाईंनी तिला काही न विचारता जवळ घेतले आणि दोघी रडल्या. मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करते.

आजचे बोलणे तिच्या संमतीने आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे, पण मागे वळून कोणी पाहू नये.

आता व्यवहाराचे. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूस दुखते आहे, थोडे अंगावर दिसते आहे, घेरी येते आहे, शौचाची विनाकारण भावना होते आहे किंवा खांद्याचे टोक दुखते आहे, तर थंडी, वायू, पित्त यांची चर्चा घरात करू नका. त्याच घटकेला रुग्णालयात जा. तांबी बसविलेली आहे किंवा नसबंदी झाली आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, असे धरून चालू नका. स्त्रीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारा. ज्यांना एकदा हे झाले आहे त्यांनी पुढच्या खेपेस दिवस राहिल्याचे कळताच लगेच तपासून घ्यावे, कारण शंभरांत सुमारे दहा जणींना ते पुन्हा होते. मात्र त्यासोबत हेही ऐका, की सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना दीड-दोन वर्षांत गर्भ योग्य जागी राहतो. दोन्ही नळ्या गेल्या तरी मार्ग उरतो. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्या प्रयोगांतली १९७६ साली प्रसिद्ध झालेली गर्भधारणा अस्थानीच ठरली होती. ते थांबले नाहीत, १९७८ साली लुईझ ब्राउन जन्मली, आणि १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी आपल्याकडे तेच करून दाखविले. ज्यांना मूल नकोच वाटू लागेल त्यांनाही कोणी घाई करू नये.

एक मागणे मंडळाकडे आहे. आपल्या गल्ल्यांत रुग्णवाहिका येणार नाही. मोटारसायकलवर बसता न येणारी बाई उद्याही असेल. मंडळाच्या कार्यालयात सभासदांच्या रक्तगटांची एक यादी असावी, आणि रात्री हाक मारली तर येतील अशा चार जणांची नावे दाराच्या आतल्या बाजूस लावलेली असावीत. स्ट्रेचर आपल्या वळणांवर वळत नाही, हे मी अनुभवाने सांगते, खुर्चीच लागते. मामंजींची ती खुर्ची आमच्याकडे अजून होती. तिचे वेत नवीन विणून घेतले आहे, हातांना दोऱ्या बांधल्या आहेत. आज येताना ती पुतण्याने आणली आहे, बाहेर चपलांपाशी ठेवली आहे. जाताना कृपा करून तिच्यावर पिशव्या ठेवू नयेत.