उतारवयाची बेगमी आणि सोने



सेवानिवृत्तीच्या समारंभातून शाल-श्रीफळ घेऊन घरी परतलेल्या गृहस्थाच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळून जी रक्कम पडते, तेवढी एकरकमी त्याने आयुष्यात पूर्वी पाहिलेली नसते. आणि तीस-पस्तीस वर्षे महिन्याच्या वेतनावर संसार बेतलेल्या त्या मनुष्याला तिचे भय वाटावे, पासबुकातील आकडा महागाईत विरून जाईल अशी शंका यावी, आणि ती शंका मनात घेऊन त्याने सराफाच्या पेढीची पायरी चढावी, यात मला मूढपणा दिसत नाही.

परंतु सोने घरात आले म्हणजे सर्व दास्यातून सुटलो, ही समजूत आपल्याच इतिहासाने खोटी ठरविली आहे. जानेवारी १९६३ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचा अंमल सुरू केला, चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, आणि असंख्य सोनारांच्या शेगड्या विझल्या. पुढे १९६८ च्या कायद्याने सोन्याची लगड जवळ बाळगणेच सामान्य नागरिकास निषिद्ध ठरले. म्हणजे १९७५ साली निवृत्त झालेल्या एखाद्या कारकुनाने निधीच्या पैशांतून लगड घेऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवली असती, तर त्याची ती बेगमी जप्तीस पात्र ठरली असती. हा कायदा १९९० साली रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्रिपदी राजापूरचे खासदार मधु दंडवते होते.

आता कायद्याची आडकाठी नाही. पण वस्तूचा स्वभाव बदललेला नाही. सोने व्यालेले कोणी पाहिले नाही. दहा लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीस २०,५०० रुपये हाती येतात. त्याच दहा लाखांची वेढणी घेतली, तर प्रथम तीन टक्के कराचे तीस हजार जातात, दागिना घेतल्यास घडणावळ निराळी, आणि औषधपाण्यासाठी तो मोडावयास नेला की कर व घडणावळ बुडून वर सराफ घट धरतो. शिवाय मोडण्याचा दिवस आपण निवडीत नाही, तो आजारपण निवडते.

भाव चढतच जातो, असे आपण म्हणता. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात एका औंसाला ८५० डॉलर पडत. १९९९ मध्ये तोच भाव सुमारे २५० पर्यंत उतरला, आणि ८५० ची पातळी पुन्हा दिसावयास २००८ साल उजाडले. आपल्याकडे ही पडझड जाणवली नाही, कारण तेवढ्या अवधीत डॉलर सुमारे आठ रुपयांवरून चाळिसांच्या पुढे गेला होता. आपण जिला सोन्याची वृद्धी समजलो, ती पुष्कळ अंशी रुपयाची घसरण होती. रुपयाच्या घसरणीपासून सोने आपणांस वाचविते, हा त्याचा खरा गुण होय, आणि तो मी मान्य करतो.

१९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवून देशाची पत राखली. संकटात सोने असे धावून येते. त्यावर रोजची चूल पेटत नाही.

आणि घराघरांतून ते कोणाच्या अंगावर असते? ज्या स्त्रीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी पतीच्या मिळकतीवर पूर्ण स्वामित्व नव्हते, तिच्याजवळ हक्काचे म्हणून काय होते? चार पाटल्या, एक मोहनमाळ. कित्येक विधवांनी त्याच पाटल्या तारण ठेवून मुलांची शिक्षणे पुरी केली. त्या पाटल्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि म्हणूनच निवृत्त गृहस्थांना माझी कळकळीची विनंती आहे : पत्नीजवळ जे सोने आहे ते तिचे राहू द्या, फार तर त्यात तोळा-दोन तोळ्यांची भर घाला, निधीची रक्कम मात्र तिच्या नावे नामनिर्देशन करून अशा ठिकाणी ठेवा, की आपल्या पश्चात तिला दर तिमाहीस पैसे मिळतील आणि पाटली मोडण्यासाठी पेढीची पायरी चढावी लागणार नाही.