टँकर आणि पूर, एकाच पत्त्यावर

आज थोडं गणित आहे, पण सोपं आहे, घाबरू नका.

मी पुण्यात, उंड्रीला भाड्याने राहतो. मार्च उजाडला की सोसायटीच्या गेटवर टँकर लागतात आणि मेंटेनन्सच्या बिलात त्याची वेगळी ओळ येते. आणि सप्टेंबरमध्ये एखादा जोराचा पाऊस झाला की त्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. यावर ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं, "पुण्यात बाहेरून लोक फार आलेत."

आता मी स्वतः बार्शीहून आलेला, त्यामुळे मला हे वाक्य जरा लागतंच. पण राग बाजूला ठेवून आकडे बघू.

२००१ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या होती साधारण २५ लाख, २०११ ला ३१ लाख. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेलं. म्हणजे लोक आले, हे खरंच. पण आले कुठे? पेठांमध्ये नाही. आले ते कडेला, जिथे जमीन स्वस्त होती आणि कालपर्यंत ज्वारी होती. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि महापालिका मागून आली. २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत घेतली, त्यात आमचं उंड्री. २०२१ मध्ये आणखी २३. पाण्याची लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटारं हे सगळं त्याच्याही नंतर. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे या कडेच्या भागांत नेमके किती जण राहतात, याचा शेवटचा पक्का आकडा २०११ चा. तेव्हा माझी सोसायटी नव्हतीच.

आता गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे जवळपास चार हजार चौरस मीटर. समजा ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे वीस टँकर! एका पावसात, फुकट.

हे पाणी जायचं कुठे? पुण्याखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, म्हणजे जागा मुळातच कमी. टेकड्यांचे उतार, मोकळी रानं, ओढ्याचे काठ यांतूनच ते हळूहळू आत मुरतं. आपण तिथे काँक्रीट केलं, पेव्हर ब्लॉक बसवले. मग पाणी मुरत नाही, पळतं. सगळं एकदमच ओढ्याकडे जातं, आणि ओढा तोवर भिंती घालून निम्मा केलेला असतो. म्हणून पार्किंगमध्ये तळं होतं. आणि जे मुरलं नाही ते बोअरला मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये टँकर. ही दोन संकटं नाहीत, एकच आहे, फक्त महिने वेगळे.

आंबिल ओढ्याचंच घ्या. कात्रजच्या डोंगरातून येतो. पेशवाईत याच पाण्यावर कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. शहराला पाजणारा ओढा हा! पुढे तो लोकांच्या बोलण्यात 'नाला' झाला, आणि नाला म्हटलं की कचरा टाकायला कुणाला काही वाटत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर भागात घुसला. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. १९६१ ला पानशेत धरण फुटलं होतं. यावेळी मात्र धरण वगैरे काही फुटलं नव्हतं. आणि गेले त्यातले बरेच ओढ्याकाठच्या लहान घरांतले. टेकडी कापून बांधलेल्या फ्लॅटमधल्या माणसाला त्या रात्री फार तर लाइट नव्हती.

म्हणून "लोक फार झाले" हे मला पटत नाही. माणूस कामासाठी येणारच. त्याच्यासाठी घर कुठे बांधायचं आणि ओढा कुठे सोडायचा, हे ठरवणारे वेगळे असतात, आणि त्यांचं नाव ग्रुपवर कधी येत नाही.

तुमच्यातले बरेच जण लवकरच फ्लॅट बघायला जाल, भाड्याने किंवा विकत. तिथे जिमबद्दल विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. मार्च ते जूनमध्ये टँकर किती लागतात? छताचं पाणी बोअरकडे जिरवलंय की सरळ गटारात सोडलंय? पाइप दाखवायला सांगा, नुसत्या 'हो'वर समाधान मानू नका. आणि इथला ओढा कुठाय? शेवटचं ब्रोकरला नका विचारू. कोपऱ्यावरच्या जुन्या किराणावाल्याला विचारा, तो बरोबर बोट दाखवेल.

तुमच्या भागातल्या ओढ्याचं नाव काय, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. मूळ नाव हवं, 'तो नाला' नको. पुढच्या भागात वाचून दाखवतो.