संगणक उशिरां कां जागा होतो?

श्रोतेहो, गोंदिया शहरांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. तिनें संगणकाची कळ दाबली. चहा झाला, वर्तमानपत्र वाचून झालें, तरी पडद्यावरील चक्र फिरतच आहे. वडील त्रासून म्हणतात, "हें भंगारांत काढूं." आजोबा मात्र गप्प आहेत, कारण दिवंगत आजींचीं सारीं छायाचित्रें त्याच पेटींत आहेत.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमानें असंख्य मराठी घरांना संगणकाची ओळख करून दिली. पुढें घरोघरीं आलेल्या संगणकांपैकीं कित्येक आज दहा-बारा वर्षांचे झाले आहेत. ते मंदावले म्हणजे त्यांचें आयुष्य सरलें, अशी समजूत असते. ती पुष्कळदां चुकीची ठरते. गणित करणारा भाग वयोमानानें फारसा थकत नाहीं. त्याला मजकूर पुरविणारा भाग मागें पडतो.

जुन्या संगणकांत माहिती हार्ड डिस्क नांवाच्या फिरत्या तबकडीवर असते. ती मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवा तो मजकूर मिळविण्यासाठीं एक बारीक भुजा तबकडीवर सरकावी लागते, आणि तो भाग तिच्याखालीं येईपर्यंत थांबावें लागतें. एका शोधास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. हें क्षुल्लक वाटेल. परंतु असे दहा हजार शोध म्हणजे शंभर सेकंद झाले. गोदामांतील एका थप्पीचीं शंभर पोतीं उचलणें निराळें, आणि शंभर कोपऱ्यांतून मूठ मूठ धान वेंचून आणणें निराळें. हमाल तोच, दिवस मात्र मावळतो.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा: हमालावरील ओझें कमी करावें. आपण बसविलेल्या अनेक सोयी संगणकाबरोबरच जागें होण्याचा हक्क मिळवितात. विंडोज १० मध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील 'स्टार्टअप' सदरांत या आगंतुकांची यादी असते. अनावश्यक असतील त्यांना 'डिसेबल' करावें. त्यानें ती सोय नष्ट होत नाहीं. बोलावल्यावर येते, इतकेंच. विषाणुरोधक व्यवस्था मात्र बंद करूं नये.

दुसरा उपाय थोड्या खर्चाचा, पण सर्वांत गुणकारी. तबकडीच्या जागीं एसएसडी बसवावी. तिच्यांत फिरणारें कांहींच नसल्यामुळें भुजेची धांवपळ संपते, आणि मिनिटांचें काम बहुधा सेकंदांवर येतें. रॅम दोन-चार जीबीच असेल, तर यंत्र झेपवील तितकी वाढवावी. कारण ती अपुरी पडली कीं संगणक पुन्हां त्या मंद तबकडीचाच आश्रय घेतो. पंख्यावरील धूळही झाडवावी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत कोंडलेलें यंत्र तापतें, आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.

एक गोष्ट मात्र या साऱ्याच्या आधीं करावयाची. झिजलेली तबकडी एकच भाग पुनःपुन्हां वाचून पाहते. म्हणजे हा विलंब कधीं कधीं तिच्या अखेरीची पूर्वसूचना असतो. म्हणून कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरून घ्यावींत. वेग मागाहून मिळवितां येतो. गेलेलीं छायाचित्रें परत येतीलच असें नाहीं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. त्यांच्यासाठीं विनामूल्य लिनक्सचा मार्ग खुला आहे. सी-डॅक या भारतीय संस्थेनें 'बॉस' नांवाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

सारांश, दुखणें कोठें आहे तें न पाहतां नवा संगणक आणणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या घरांतील नातीनें तो अर्ज शेजारच्या घरीं जाऊन भरावा, हें बरें. आणि संध्याकाळीं आजोबांजवळ बसून आधीं आजींचीं छायाचित्रें उतरून घ्यावींत. पेचकस त्यानंतर हातीं घ्यावा.